कुठला श्रावण, कुठला तोळा?

(मंडळाच्या बौद्धिक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, कीर्तनकार बोलले. यंदा कार्यकारिणीने आमच्यासारख्या सरकारी नोकराला उभं केलं. आम्ही काही भाषेचे अभ्यासक नाही आणि ज्योतिषीही नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो, आणि रस्ते, नाल्या आणि भिंती मोजण्यात वीस-बावीस वर्षं गेली. पण मोजणाऱ्या माणसाला एक सवय लागते. समोरच्याने आकडा सांगितला की तो आधी विचारतो, "कुठल्या मापाने?" आज त्या एका प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

आपण इंदूरकर मराठी माणसं. कुणाचं घराणं होळकरांच्या वेळी आलं, कुणाचं नोकरीच्या निमित्ताने नंतर. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आपल्याला वाटतं, दोन्ही भाषा आपल्या मुठीत आहेत. पण काही शब्द असे आहेत की जे दोन्हीकडे सारखेच दिसतात आणि आतून वेगळे निघतात. त्यातला पहिला शब्द म्हणजे श्रावण.

दरवर्षी गुरुपौर्णिमा झाली की शेजारच्या भाभींचा सावन सुरू होतो. त्यांचे सोमवार सुरू होतात आणि आपल्या घरी मात्र अजून आषाढच असतो. मुलं विचारतात, "आई, आपला श्रावण लेट का?" आपण म्हणतो, "आपलं असंच असतं." पण असं का, ते आपल्यालाही सांगता येत नाही.

कारण सोपं आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो अमान्त. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तो पूर्णिमान्त. आपल्याकडे आधी शुद्ध पक्ष आणि मग वद्य. त्यांच्याकडे आधी बदी आणि मग शुदी. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात मात्र त्यांचं नाव एक महिना पुढे असतं. कृष्णाचा जन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीचा, त्यांच्याकडे भादो बदी अष्टमीचा. दिवस एकच. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात. आपलं लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, त्यांचं कार्तिक अमावस्येला. आकाशातला चंद्र तोच, फक्त वहीचं पान कुठे उलटायचं यात फरक.

हे ऐकायला गंमत वाटते. आम्हालाही गंमतच वाटत होती, आमच्या घरी एक पोस्टकार्ड येईपर्यंत.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याचं आमचं जुनं घर पाडलं. तिथल्या चुलत काकांनी ट्रंकेतले कागद आमच्याकडे पाठवले. त्यात एक कार्ड होतं. आमचे पणजोबा इथे इंदुरात वारले तेव्हा आजोबा पाच वर्षांचे होते. घरात लिहिण्याच्या अवस्थेत कुणी नव्हतं. शेजारच्या एका सज्जनांनी पणजोबांच्या थोरल्या भावाला साताऱ्याला हिंदीत कळवलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'सावन बदी पंचमी, रविवार'. साताऱ्याच्या मंडळींनी ते वाचलं 'श्रावण वद्य पंचमी'. पुढे पणजी मुलांना घेऊन साताऱ्यालाच राहिल्या. आजोबांची मुंज झाली आणि ते वडिलांचं श्राद्ध श्रावण वद्य पंचमीला करू लागले. नोकरीसाठी ते पुन्हा इंदुरला आले तेव्हा तीच तिथी बरोबर घेऊन आले. त्यांच्यानंतर आमच्या बाबांनी तीच पाळली.

आम्ही कार्ड उलटून पोस्टाचा शिक्का पाहिला. शिक्का जुलै १९३८ चा. आपली श्रावण वद्य पंचमी जुलैत येतच नाही, ती ऑगस्ट उजाडल्याशिवाय येत नाही. जुनं पंचांग काढून पाहिलं. त्या वर्षी रविवारी आलेली पंचमी होती १७ जुलैची, आणि आपल्या हिशेबाने ती आषाढ वद्य पंचमी. श्रावण वद्य पंचमीला त्या वर्षी रविवार नव्हताच. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षं आमच्या घरातलं श्राद्ध एक महिना उशिरा होत होतं.

बाबांना हे सांगायचं की नाही, यावर आमचे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. ते बराच वेळ कार्ड हातात धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे अण्णांनी आयुष्यभर चुकीच्या दिवशी पान वाढलं?" अण्णा म्हणजे आमचे आजोबा. आमच्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः गुरुजींकडे गेले. गुरुजींनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, "पंत, श्रद्धेने करतात ते श्राद्ध. मनात शंका ठेवू नका, पुढच्या वर्षापासून आषाढात करा. आणि एक सांगतो. पितृपक्षातला पक्ष आपण तिथीवर घालतो, महिन्यावर नाही. पंचमीला मृत्यू, म्हणून पंचमीचा पक्ष. तो तर तुमच्या घरात एकही वर्ष चुकला नाही." बाबा घरी आले ते हलके होऊन. त्या रात्री त्यांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'आषाढ वद्य पंचमी, आपल्या पंचांगाने. हिंदी महिना सावन. रविवार, १७ जुलै १९३८.' एवढी एक ओळ १९३८ साली कुणी लिहिली असती तर काही घोटाळा झालाच नसता.

त्या कार्डावर रविवार लिहिला होता म्हणून आम्हाला शोध लागला, हे लक्षात घ्या. महिना तुमचा-आमचा वेगळा असेल, साल वेगळं असेल, पण वार सगळ्यांचा एक. असं का? वारांचा क्रम जुन्या होऱ्यांच्या हिशेबातून आलेला आहे. आकाशात फिरायला ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याच्यापासून सुरुवात केली तर क्रम येतो शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे या सातांना पाळीपाळीने वाटायचे. ज्याचा पहिला होरा, त्याचा तो वार. चोवीसला सातने भागलं की उरतात तीन, म्हणून दुसऱ्या दिवशी तीन घरं पुढे जायचं. शनीपासून तीन घरं पुढे रवी, रवीपासून तीन घरं पुढे चंद्र, चंद्रापासून तीन घरं पुढे मंगळ. घरी जाऊन मुलांना बोटांवर करायला सांगा, आठवडा बरोबर येतो.

आणि हा 'होरा' शब्द संस्कृत ग्रंथांत असला तरी मूळचा ग्रीक आहे. इंग्रजीतला 'अवर' त्याचाच भाऊ. ज्योतिषाबरोबर असाच आलेला दुसरा ग्रीक शब्द म्हणजे 'केंद्र'. मूळ अर्थ टोकदार काटा, कंपासचं जे टोक कागदात रुततं ते. आम्ही राज्य सरकारचे नोकर, 'केंद्राकडून निधी आला नाही' हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते ग्रीक आहे हे कळल्यापासून निधी येत नाही याचं वाईट वाटत नाही.

आता मापांकडे येऊ. आमच्या नात्यातल्या एका घरात आजींनी चिठ्ठी लिहून ठेवली होती: 'माझे दहा तोळे आहेत, दोन्ही लेकींना पाच-पाच तोळे द्यावे.' आजी गेल्यावर दागिने सराफ्यात नेऊन तोलले, तर भरले एकशे सोळा ग्रॅम. सगळ्यांनी हिशेब केला, दहा तोळे म्हणजे शंभर ग्रॅम, वर सोळा ग्रॅम उरले. ते कुणाचे? लेकी म्हणाल्या, आईचं सोनं, आमचं. सुना म्हणाल्या, चिठ्ठीत पाच-पाचच लिहिलंय, केलं कुणी ते आम्ही बोलणार नाही. दोन दिवाळ्या त्या घरात भाऊबीज झाली नाही.

खरं म्हणजे उरलं काहीच नव्हतं. आज सराफाच्या दुकानात आपण ज्याला तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. आजींचा तोळा जुना, बारा माशांचा, आणि मासा आठ गुंजांचा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तो १८० ग्रेनवर पक्का केला, आणि रुपयाचं नाणंही त्याच वजनाचं ठेवलं. तो भरतो ११.६६ ग्रॅम. दहा तोळे म्हणजे जवळपास एकशे साडेसोळा ग्रॅम. आजींनी अगदी काटेकोर लिहिलं होतं, आपण वाचताना चुकलो.

ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, किलो नव्हे. चाळीस शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे झाले. आणा गेला, पण 'सोळा आणे खरं' हे बोलणं राहिलं.

जमिनीची गोष्ट आणखी अवघड. आमच्या कामात रोज कुणीतरी येऊन सांगतो, "साहेब, हमारी चार बीघा है." आम्ही विचारतो, "कौन सा बीघा?" त्याला वाटतं साहेब टाळतायत. पण बिघा हे एक माप नाहीच. जुना शाहजहानी बिघा ३,०२५ चौरस गजांचा, बंगालचा १,६०० चौरस गजांचा. जवळजवळ दुपटीचा फरक, आणि आपल्या मुलखातही गावागणिक तो बदलतो. गुंठा मात्र इमानदार. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हे तेहतीस मोजणीच्या साखळीत बरोबर बसतात. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाची साखळी सहासष्ट फुटांची, तिचा अर्धा भाग म्हणजे गुंठ्याची एक बाजू. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची का, असं मुलं विचारतात. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट, तीच ती साखळी. होळकर स्टेडियमवर गोलंदाज जमीनमोजणीची एक साखळी पार करून चेंडू टाकतो.

आपल्या जुन्या मराठीतले अपूर्णांक तर आणखी गोड आहेत. आमच्या आजोबांना औटकी पाठ होती. औट म्हणजे साडेतीन. मूळ 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धा. तीन पुरे झाले, चौथा अर्धाच झाला. अडीच तसाच, 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. सव्वा म्हणजे 'सपाद', पावासकट. पाऊण म्हणजे 'पादोन', पावाने कमी. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ही पाढ्यांची नावं आता मुलांच्या कानावरही पडत नाहीत. एवढं तरी सांगा, की 'दीडशहाणा' म्हणताना आपण गणित करतोय.

सालांचंही तेच. मोडी कागद वाचणाऱ्या मंडळींना पेशवाईतल्या कागदांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी दिसतं. तो मंत्र नाही, आकडा आहे. अरबीत एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे सुहूर सन. मृग लागला की ते बदलायचं, कारण राज्य शेतसाऱ्यावर चालायचं आणि शेतकऱ्याचं वर्ष मृगापासून. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपताची लढाई याच सालातली. तेच साल शके १६८२, विक्रम संवत १८१७ आणि इसवी १७६१. एकाच दुःखाची चार सालं. कागदावर नुसतं '८२ साल' लिहिलेलं असेल तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

आणि शब्द? आमचा पुण्याचा मावसभाऊ एकदा फोनवर होता. आम्ही सहज म्हणालो, "शेजारच्या दोघा भावांचा कोर्टात राजीनामा झाला, बरं झालं." तो घाबरून म्हणाला, "दोघांनीही नोकरी सोडली?" आपल्या इकडे हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, दोघं राजी झाल्याचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. शब्द एकच, फारसीतून आलेला, राजी आणि नामा. मुंबई इलाख्यात खातेदार जमिनीचा कब्जा सोडताना जो कागद लिहून देई त्यालाही राजीनामाच म्हणत. सोडण्याचा अर्थ त्या वाटेने चिकटलेला दिसतो. तशीच 'शिक्षा'. इथे पोरगं शिक्षा घ्यायला शाळेत जातं आणि पुण्याची आजी हळहळते. इथे विधेयकात 'संशोधन' होतं म्हणजे दुरुस्ती होते, तिकडे संशोधन प्रयोगशाळेत होतं.

मित्रहो, ही सगळी नुसती गंमत म्हणून सांगितलेली नाही. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या घरांमध्ये कागद एका हिशेबाने लिहिला जातो आणि दुसऱ्या हिशेबाने वाचला जातो. लिहिणारा खोटं लिहीत नाही, वाचणाराही खोटं वाचत नाही. तरी तिथी चुकते, भाऊबीज बंद पडते. कुणाचं चुकलं हे शोधण्याआधी कुठलं माप, कुठला महिना, एवढं विचारलं तर अर्धी भांडणं जागच्या जागी मिटतील.

म्हणून या वर्षी मंडळातल्या प्रत्येक घराने एक काम करावं अशी आमची विनंती आहे. घरात जे वडीलधारे आहेत त्यांच्याजवळ बसा. घरातल्या तिथ्या, सोन्याच्या चिठ्ठ्या आणि शेताचे कागद काढा. प्रत्येकापुढे दोन शब्द लिहा. आपला श्रावण की सावन? जुना तोळा की दहा ग्रॅम? शके की संवत? आणि वार जरूर लिहा. आज विचारलं तर सांगणारं माणूस समोर आहे. आमच्या पणजीला कुणी विचारलं नाही.

हे दोन हिशेब एकमेकांचे वैरी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. उज्जैनला महाकालाची सवारी निघते ती सावनच्या सोमवारी सुरू होते. पण राखी पौर्णिमेला उत्तरेचा सावन संपला तरी सवारी थांबत नाही. पुढचे सोमवारही ती निघते, अमावास्येपर्यंतच्या सोमवारांना. तिकडे त्याला भादो म्हणतात, आपल्या पंचांगाने तो आपला श्रावणच असतो. भाभींचा पहिला सोमवार आणि आपला शेवटचा सोमवार, दोन्ही त्या एका पालखीत बसतात. दीड महिना देव बाहेर येतो आणि कुणाचा श्रावण खरा हे विचारत नाही.

आणि आपला गणपती? तो तर फारच धोरणी. भाद्रपद शुद्ध चतुर्थी. शुद्ध पक्ष, म्हणजे दोघांच्याही महिन्याचं नाव एकच. आपण भाद्रपद म्हणा, भाभी भादो म्हणोत, तिथी तीच. म्हणूनच आरतीला आपल्या मांडवात भाभीही उभ्या असतात आणि मोदकाचा हिशेब कुठल्याच मापाने करावा लागत नाही.



गणपती बाप्पा मोरया!